कूलर बेडरूममधून निघाला, घरातून नाही: फुफ्फुसाच्या फायब्रोसिसचं नागपूरमधलं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्यांचा अर्थ आणि निर्णय कुठे अडले, हे तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

महाल भागातल्या जुन्या दुमजली घरात राहणाऱ्या ५८ वर्षांच्या गृहिणी. घरात नवरा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. विडी-सिगारेट कधी नाही. लग्नाआधी गावी चुलीवर स्वयंपाक, त्यानंतर गॅसवर. रक्तदाबाची एक गोळी चालू, मधुमेह नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरडा खोकला सुरू झाला. शहरात कोविडची दुसरी लाट होती, त्यांची चाचणीही पॉझिटिव्ह आली. आजार सौम्य होता, घरीच बऱ्या झाल्या. खोकला मात्र दिवाळीच्या सुमारास थांबला. "कोविडनंतर राहतो असा खोकला," असं सगळ्यांनी म्हटलं, आणि तेव्हा ते चूक वाटण्यासारखं नव्हतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये तोच खोकला, आता जिन्यावर दम. जूनमध्ये एक्स-रेत दोन्ही बाजूंना सावल्या दिसल्या. थुंकीची तपासणी आणि सीबीनॅट, दोन्हीत टीबीचे जंतू नाहीत. तरीही "सावली आहे, वजन घटलंय" म्हणून टीबीच्या गोळ्या सहा महिन्यांसाठी सुरू झाल्या. पावसाळ्यात बरं वाटू लागलं, डिसेंबरमध्ये कोर्स संपला तेव्हा खोकला जवळजवळ नव्हता. घरच्यांनी टीबी बरा झाला असं धरलं.

२०२३ च्या मार्चअखेर पुन्हा. या वेळी इन्हेलर दिले गेले, उपयोग झाला नाही. मे महिन्यात पहिल्या मजल्यावर जाताना त्या मध्ये दोनदा थांबू लागल्या. जूनमध्ये छातीच्या डॉक्टरांकडे आल्या.

समोर काय होतं

छाती तपासताना फुफ्फुसांच्या तळाशी श्वास घेताना वेल्क्रो उघडल्यासारखा चरचर आवाज आणि अधूनमधून एक छोटी किंचाळी. ही किंचाळी लहान श्वासनलिका सुजल्याची खूण असते आणि साध्या, कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये (फुफ्फुसात व्रण पडून ते ताठर होणं) सहसा ऐकू येत नाही. बोटांची नखं फुगलेली नव्हती.

फुंकण्याच्या चाचणीत एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर टाकता येणारी एकूण हवा, १.४६ लिटर, अपेक्षेच्या ६१ टक्के. पहिल्या सेकंदातली हवा १.२६ लिटर. दोन्हींचं गुणोत्तर ०.८६. दम्यात हे गुणोत्तर खाली येतं, इथे ते वर होतं. श्वासनलिका अरुंद नव्हत्या, फुफ्फुस ताठर झालं होतं. इन्हेलरचा उपयोग का झाला नाही, याचं उत्तर या एका आकड्यात होतं आणि ही चाचणी वर्षभर आधी होऊ शकली असती. डीएलसीओ, म्हणजे ऑक्सिजन रक्तात शिरण्याची क्षमता, ४६ टक्के. सहा मिनिटांत त्या ३३० मीटर चालल्या. ऑक्सिजन ९६ वरून ८६ वर उतरला.

सोबत आणलेला सीटी स्कॅन साधा, जाड कापांचा होता. तो पुन्हा करावा लागला: दीड मिलीमीटरपेक्षा पातळ काप, एकदा श्वास भरून, एकदा श्वास पूर्ण सोडून. श्वास सोडून काढलेले काप नसतील तर या आजाराचा निम्मा पुरावा हातातून जातो. निरोगी भाग श्वास सोडल्यावर चित्रात उजळ होत जातो. ज्या कप्प्यांत हवा अडकते ते काळेच राहतात. या बाईंच्या स्कॅनमध्ये राखाडी, पांढुरके आणि काळे असे तिन्ही रंगांचे ठिगळ शेजारी शेजारी होते. व्रणांच्या जाळ्या फुफ्फुसाच्या वरच्या आणि मधल्या भागात जास्त, श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंद झालेल्या, मधाच्या पोळ्यासारखी भोकं अजून नव्हती.

संधिवाताशी संबंधित रक्तचाचण्या निगेटिव्ह. फुफ्फुसाला व्रण करू शकणारी औषधं, म्हणजे मेथोट्रेक्सेट, अमिओडॅरोन किंवा महिनोन्महिने घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, यांपैकी काही घेतलेलं नव्हतं. कोळशाची वा मँगनीजची खाण, दगडखाण, कापसाची गिरणी, यांच्याशीही संबंध नाही.

उन्हाळ्यामागे उन्हाळा

तीन वर्षांचा इतिहास एका कागदावर महिन्यांनुसार लिहून काढल्यावर चित्र बदललं. खोकला मार्चअखेर ते जुलै, उतार ऑगस्टपासून, हिवाळ्यात जवळपास काही नाही. टीबीच्या गोळ्यांचे सहा महिने नेमके जून ते डिसेंबर असे पडले होते, त्यामुळे ऋतूचं श्रेय औषधाला मिळालं.

नागपुरात मार्च ते जुलै म्हणजे कूलर. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी खिडकीत बसवलेला लोखंडी डेझर्ट कूलर होता. ताट्यांमध्ये लाकडाच्या बारीक सालपटांचं गवत, दोन सिझन न बदललेलं. टाकीत वरून पाणी भरलं जायचं; तळ उन्हाळाभर रिकामा होत नसे. सिझन संपला की ताट्या त्याच अवस्थेत पत्र्याखाली, मार्चमध्ये पुन्हा पाणी सोडून सुरू. पहिल्या दिवशी कूलरमधून येणारा ओलसर मातीचा वास नागपूरकरांना आवडतोही. त्यात बुरशीचे कणही असतात.

ओलं गवत, धूळ आणि ऊब मिळाली की बुरशी आणि काही जिवाणू वाढतात. त्यांचे कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान असल्याने थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. ज्यांच्या शरीराला त्यांची अतिसंवेदनशीलता आहे त्यांच्यात तिथे लिम्फोसाइट पेशी गोळा होतात, सूज येते, आणि संपर्क वर्षानुवर्षं राहिला तर सुजेच्या जागी व्रण. हाच हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, थोडक्यात एचपी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी (फुफ्फुसाच्या ऊतीत सूज किंवा व्रण आणणारे आजार) नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं निदान एचपी होतं, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संपर्क एअर कूलरशी होता. हे माहीत असूनही ओपीडीत "घरी कबुतरं आहेत का?" एवढंच विचारलं जातं. इथे कबुतरंही होती: सासरे असल्यापासून गच्चीवर रोज ज्वारी टाकली जायची. त्यामुळे संशयित दोन झाले.

पर्याय आणि निवड

पहिला प्रश्न बायोप्सीचा. शस्त्रक्रियेने फुफ्फुसाचा तुकडा काढला तर निदान सर्वांत पक्कं होतं, पण डीएलसीओ ४६ टक्के असताना त्या शस्त्रक्रियेनंतर आजार एकदम भडकण्याचा धोका खरा आहे. क्रायोबायोप्सीत, म्हणजे नळीतून तुकडा गोठवून काढण्यात, धोका कमी, तरी रक्तस्राव आणि फुफ्फुसाबाहेर हवा साचणं होऊ शकतं. तिसरा मार्ग ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुस धुऊन पेशी मोजण्याचा. छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून हा तिसरा मार्ग घेतला. कारण दुहेरी होतं: स्कॅन नमुनेदार होता, संपर्क सापडला होता, त्यात लिम्फोसाइट वाढलेले निघाले तर तुकडा न काढता निदानाची खात्री पुरेशी होते, शिवाय स्टेरॉइड देण्याआधी टीबीचा प्रश्न कायमचा मिटवता येतो. धुतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट ३८ टक्के निघाले. टीबीचे जंतू सीबीनॅटमध्ये नाहीत, नंतर कल्चरमध्येही नाहीत.

रक्तातल्या आयजीजी (प्रतिपिंडांच्या) चाचणीवर भर दिला नाही. कबुतरांविरुद्धची पातळी किंचित वाढलेली आली. कबुतरांजवळ राहणाऱ्या धडधाकट माणसांतही ती वाढलेली असू शकते, आणि कूलरमधले सगळे जीव त्या पॅनेलमध्ये नसतात. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून घरच्यांनी कूलर चालू ठेवला असता, हा धोका जास्त मोठा.

दुसरा प्रश्न अवघड होता: आधी फक्त संपर्क तोडून सहा आठवडे पाहायचं, की लगेच स्टेरॉइडही द्यायचं? नुसता संपर्क तोडून सुधारणा झाली तर निदानही सिद्ध होतं आणि औषधही टळतं. पण व्रण आधीच पडलेले, चालताना ऑक्सिजन ८६ वर जाणारा, अशा वेळी थांबणं परवडेल का? शेवटी दोन्ही एकदम करायचं ठरलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. सुधारणा कशामुळे झाली ते कळलं नाही, आणि घरच्यांनी श्रेय गोळीला दिलं.

काय केलं

वजन ५६ किलो, त्यानुसार प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, चार आठवडे. मग दर दोन आठवड्यांनी ५ ने कमी करत १० वर, तिथे काही महिने. महिनाभर २० मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड चालणार असल्याने न्यूमोसिस्टिस संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी त्याच भेटीत. एचबीए१सी आधीच ६.३ होतं, तिसऱ्या आठवड्यात उपाशीपोटी साखर १४८ झाली आणि मेटफॉर्मिन जोडावं लागलं.

घरासाठी सूचना मोजक्या: बेडरूममधला कूलर काढा, गच्चीवर दाणे टाकणं बंद करा, गच्चीवरची विष्ठा पाणी मारून ओली करूनच साफ करा, आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी मास्क लावून करावं. नवऱ्याचा प्रश्न सरळ होता: "मे महिन्यात कूलरबिगर राहाचं कसं जी?" पारा ४५ च्या वर जातो तिथे हा प्रश्न रास्तच आहे. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी बसवायचं ठरलं. वाळ्याच्या ओल्या ताट्या किंवा पडदे हा पर्याय नाही, हे वेगळं सांगावं लागलं, कारण ओलं गवत पंख्याशिवायही बुरशी धरतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये एफव्हीसी १.६२ लिटर, फेब्रुवारी २०२४ मध्ये १.६०. स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलं. सगळे खुश.

दुसरा उन्हाळा

जून २०२४ ची भेट वाईट निघाली. एफव्हीसी १.४१, म्हणजे चार महिन्यांत फेब्रुवारीच्या तुलनेत सुमारे १२ टक्के घट. चालताना ऑक्सिजन ८२. नव्या स्कॅनमध्ये धूसर सूज कमी, व्रण जास्त, आणि तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसू लागलेली.

"कूलर काढला ना?" "काढला जी." उत्तर खरं होतं. सुनेने सहज सांगितलं की मे महिन्यात एका लग्नाला मंगल कार्यालयात रात्रभर मोठ्या कूलरसमोर झोपल्या, आणि पहाटे अंग कसकसून ताप आला, दुपारपर्यंत खोकला. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी येणारा ताप ही एचपीची जुनी ओळख. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, दोन दिवसांत उतरलं, म्हणून ते इथे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग टीममधली समाजसेविका घरी गेली. अर्ध्या तासात कोडं सुटलं. बेडरूमचा कूलर उचलून हॉलमध्ये नातवंडांसाठी लावला होता, त्याच ताट्यांसह. रात्री एसी दोनच तास चालायचा, मग बिल वाचवायला बंद, आणि दार उघडं ठेवून हॉलची थंड हवा आत. शिवाय तळमजल्यावरच्या भाडेकरूचा कूलर चौकात तोंड करून होता आणि जिन्यातून त्याची हवा वर येई. घरच्यांनी सूचना शब्दशः पाळली होती. सूचनाच अपुरी होती.

आता निर्णय असा: घट केवळ संपर्कामुळे आहे, की व्रण स्वतःच्या गतीने वाढू लागलेत? संपर्क पूर्ण तोडून तीन महिने पाहण्याच्या बाजूने युक्तिवाद होता. पण फुफ्फुसातून गेलेला भाग परत येत नाही, आणि एफव्हीसीतली १० टक्क्यांपेक्षा जास्त घट, वाढलेला दम, स्कॅनमधली वाढ या तिन्ही गोष्टी एकत्र असताना थांबणं योग्य नव्हतं. स्टेरॉइड पुन्हा वाढवायचं नाही असं ठरलं, कारण स्कॅनमध्ये सूज थोडी होती आणि व्रण पुष्कळ. व्रणावर स्टेरॉइड काम करत नाही, साखर आणि संसर्ग मात्र वाढवतं. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार झाला, पण व्रणांचा वेग कमी करणाऱ्या निन्टेडॅनिबसारखं तेही पोट बिघडवतं आणि दोन्ही एकदम सुरू केली तर दोष कुणाचा ते कळत नाही.

निन्टेडॅनिब १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. २०१९ च्या इनबिल्ड चाचणीत ६६३ रुग्ण होते, कारण वेगवेगळं पण व्रण वाढत चाललेले; औषध घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षात सरासरी सुमारे ८१ मिलिलिटर घटली, न घेणाऱ्यांची सुमारे १८८. म्हणजे औषध वेग कमी करतं, आजार उलटवत नाही. हे घरच्यांना आधी सांगितलं, नाहीतर दोन महिन्यांत "फरक नाही" म्हणून बंद होतं.

तिसऱ्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा जुलाब. चौकशीत कळलं की सकाळची कॅप्सूल चहासोबत, रिकाम्या पोटी घेतली जाते. ती पोटभर जेवणाच्या मधोमध हवी, दोन डोसांत साधारण बारा तास. वेळ बदलली, लोपेरामाइड दिलं, काही दिवस दहीभात आणि सावजीला सुट्टी. तरी वजन ५२ किलोवर आलं तेव्हा डोस १०० मिलिग्रॅम दोनदा केला, आणि जुलाब दिवसाला एक-दोनवर आले. यकृताची तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. एसजीपीटी, म्हणजे यकृताचा त्रास दाखवणारा आकडा, एकदा दुप्पट झालं, आपोआप उतरलं. तिप्पट झालं असतं तर औषध थांबवावं लागलं असतं.

ऑक्सिजन

बसल्या जागी ९३ असल्याने दिवसभर ऑक्सिजनची गरज नव्हती. चालताना आणि रात्री झोपेत ८८ च्या खाली जात होता. चालून मोजलं तेव्हा ३ लिटरवर ९० टिकला. मुलाने हौसेने खांद्यावरचं पोर्टेबल मशीन आणलं, त्यावर "३" लावलं, तरी ८४. ते मशीन श्वास घेताना फक्त झोत देतं. त्यावरचा ३ हा मिनिटाला ३ लिटर नव्हे. विकत घेण्याआधी ते लावून चालून पाहायला हवं होतं. मग ५ लिटरचं घरगुती कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र), लांब नळी, आणि बाहेरसाठी सिलिंडर.

कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ३५० वॅट खातं. १५० एएचच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर पंखे बंद ठेवून तीन-चार तास ओढतो, तोही बॅटरी नवी असेल तर. म्हणून एक बी-टाइप सिलिंडर घरात: साधारण १,५०० लिटर, ३ लिटरवर आठ तास. नळी नाकात असताना गॅसपाशी नाही, देवघरातल्या निरांजनापाशीही नाही. किमान तीन मीटर अंतर. पूजा त्यांचीच, पण दिवा सून लावते. ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, बाटली धुऊन वाळवायची. नाहीतर कूलरची टाकी गेली आणि तिची छोटी आवृत्ती नाकाशी आली.

बोटावरचं ऑक्सिमीटर नेलपॉलिश असलेल्या किंवा गार बोटावर फसवतं. हात चोळून, बोटावर लावल्यावर अर्धा मिनिट थांबून आकडा घ्यायचा, आणि बसून नव्हे, चालून आल्याबरोबर.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडे आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा: खुर्चीतून उठ-बस, अर्ध्या किलोची वजनं, ऑक्सिजन लावून सपाट चाल, ८८ खाली गेला की थांबायचं. मे महिन्यात चाल पहाटे सहाच्या आत, किंवा घरातल्या लांब पडवीत.

निष्पत्ती

२०२५ चा उन्हाळा हा घरात एकही कूलर नसलेला पहिला उन्हाळा. भाडेकरूला मनवणं सर्वांत कठीण गेलं. शेवटी त्याच्या खोलीत जुना एसी बसवून भाड्यात थोडी सोय केली. गच्चीला पांढरा चुना आणि वर हिरवी जाळी, हॉलला फक्त पंखे. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुतली जाते.

एफव्हीसी जानेवारी २०२५ मध्ये १.३९, जूनमध्ये १.३७ लिटर. वर्षात ४० मिलिलिटर घट. उन्हाळी खोकला आला नाही. सहा मिनिटांत ३१० मीटर, ऑक्सिजनसह. गेलेलं फुफ्फुस परत आलं नाही, येणारही नव्हतं. जिना त्या अजून एकदा थांबून चढतात.

वेगळं काय करता आलं असतं

२०२२ मध्ये सीबीनॅट निगेटिव्ह असताना टीबीच्या गोळ्यांआधी फुंकण्याची चाचणी आणि पातळ कापांचा स्कॅन झाला असता तर कदाचित व्रण पडण्याआधीच आजार सापडला असता. आपल्याकडे टीबी एवढा आहे की अंदाजाने उपचार सुरू करण्याची सवय समजते, पण उपचारानंतर एक्स-रे तसाच राहिला तेव्हा तरी थांबून विचार व्हायला हवा होता. तो एक्स-रे पुन्हा काढलाच गेला नव्हता.

घरभेट पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. ते शक्य नसेल तर मुलाला फोनवर घराचा व्हिडिओ काढायला सांगावं: प्रत्येक खिडकी, प्रत्येक कूलर, शेजाऱ्याचा आणि भाडेकरूचाही, ओलीच्या भिंती, गच्ची, एसीचं पाणी कुठे पडतं ते. "कूलर काढा" याऐवजी "घरात आणि घराला लागून कूलरची हवा कुठूनही येता कामा नये" असं लिहून द्यावं. लग्न, प्रवास, नातेवाइकांकडचा मुक्काम याबद्दल दर भेटीत वेगळं विचारावं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. आणि फुंकण्याची चाचणी उन्हाळ्याच्या मध्यावर, मेच्या सुरुवातीला एक ठेवावी. फेब्रुवारी ते जून या चार महिन्यांच्या खंडातच सारं घडून गेलं.

पुढचं बोलणं उशिरा झालं. फुफ्फुस प्रत्यारोपणाचा विषय २०२४ च्या शेवटी निघाला. वय ६५ च्या आसपास गेलं की बहुतेक केंद्रं कचरतात, तपासण्या आणि यादीत जायला महिने लागतात, त्यासाठी नागपूरहून हैदराबाद किंवा चेन्नईला महिनोन्महिने राहावं लागतं. हे सगळं आजार स्थिर असताना बोलायचं असतं. या कुटुंबाने तूर्त नको म्हटलं, आणि एकदम बिघडलं तर व्हेंटिलेटर लावायचा का, हे बाईंनी स्वतः नवऱ्याला आणि मुलाला सांगून ठेवलं. दम असह्य झाला तर कमी मात्रेतलं मॉर्फिन मिळतं, त्याने श्वास बंद पडत नाही, हेही त्याच बैठकीत समजावलं. एफव्हीसी पुन्हा १० टक्क्यांनी घटली तर मायकोफेनोलेट जोडायचं आणि प्रत्यारोपण केंद्राकडे फाइल पाठवायची, असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.